स्टॅमिना: एक की अनेक? (आणि जास्वंदीचा काय संबंध)

उंबरठा_७२

मंडळी, गेल्या रविवारी घरी एक प्रकार झाला त्यावरून हा धागा. लेक अकरावी सायन्सला. सकाळी सकाळी ओट्यावर पेपर पसरून जास्वंद ब्लेडने उभी चिरून बसलेली आणि आई (माझी, वय ८६) मागून ओरडतेय की गणपतीची फुलं आहेत गं ती, काल मोजून ठेवली होती मी. लेक तिच्याच नादात. मला म्हणे बाबा ये बघ, ही मधली दांडी बाहेर डोकावतेय ना ती एक दांडी नाहीये, सगळे पुंकेसर एकमेकांना चिकटून नळी झालीये, वरचे पिवळे दाणे ते परागकोश, आणि नळीच्या पोटातून आणखी एक बारीक दोरा जातो तो स्त्रीकेसराचा. नळीचं नाव स्टॅमिनल ट्यूब. मी म्हटलं काय? कुठली ट्यूब? तर म्हणे एक असला की स्टेमन, अनेक असले की स्टॅमिना, लॅटिन आहे ते.

मी म्हटलं वा, म्हणजे जास्वंदीला स्टॅमिना आहे आणि तुझ्या बापाला दोन जिने चढले की धाप लागते. जोक कुणालाच आवडला नाही.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला आणि दोन रात्री डिक्शनऱ्या चाळल्या. सापडलं ते असं. लॅटिनमध्ये स्तामेन म्हणजे मागावरचा उभा धागा, आपण ताणा म्हणतो तो. अनेकवचन स्तामिना. त्यांचा जुना माग आपल्या हातमागासारखा आडवा नसायचा, वरच्या दांडीला धागे बांधायचे आणि खाली वजनं लटकवायची, त्यामुळे धागे खरोखरच उभे. फुलातले केसर दोऱ्यासारखे दिसतात म्हणून प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिलीच्या बाबतीत तोच शब्द वापरला, आणि १६६० च्या दशकात इंग्रजीतल्या वनस्पतीवाल्यांनी तो उचलला. इथवर ठीक. पण धाग्याचा दम कसा झाला?

तर रोमन लोकांची समजूत अशी की तीन बाया प्रत्येक माणसाच्या आयुष्याचा दोरा काततात, आणि त्या दोऱ्यालाही स्तामेनच म्हणायचे. इंग्रजीत १६७० च्या दशकात स्टॅमिना आला तेव्हा अर्थ होता एखाद्या गोष्टीची मूळ द्रव्यं, कच्चा माल म्हणा. मग माणूस जन्माला येताना जेवढी जीवनशक्ती बरोबर घेऊन येतो ती, म्हणजे रेशन कार्डावरचा कोटाच. आणि १७२६ च्या सुमारास आजच्या जवळचा अर्थ, सोसायची, टिकायची, आजारातून उठायची ताकद. तेव्हासुद्धा अनेकवचनीच बरं का, स्टॅमिना 'इज' नाही, स्टॅमिना 'आर'. पुढे लोक विसरले आणि एकवचन झालं, डेटा आणि अजेंड्याचं झालं तसंच.

म्हणजे लॅटिनच्या हिशोबाने मी 'माझे स्टॅमिना संपले' म्हणायला पाहिजे. माझे धागे संपले.

मला गंमत याची वाटली की आधी स्टॅमिना मिळायचा, आता बनवतात. जन्माला येताना जेवढा दोरा कातून दिला तेवढाच, त्यात कमीजास्त नाही, असा तो शब्द, आणि आज जिममधला पोरगा सांगतो सर तीन महिन्यांत स्टॅमिना डबल करून देतो. शब्द तोच, अर्थ जवळजवळ उलटा फिरलाय. इथे जाणकार बरेच आहेत, भर घाला. आणि मराठीत याला नेमकं काय म्हणायचं तेही सांगा, मला दमसास सोडून काही सुचेना.

पहाटे_पाच

दादा भारी धागा. मी पोलीस भरतीची तयारी करतोय, आमच्या ग्राउंडला दिवसातून पन्नास वेळा हा शब्द येतो. १६०० मीटर पळायचं असतं. पहिल्या दिवशी तिसऱ्या राऊंडला बाजूला बसून ओकलो होतो आणि सर म्हणाले स्टॅमिना बनव, बाकी गेलं उडत. आता आठ महिने झाले, ५:५० वरून ५:१९ वर आलोय. त्यामुळे जन्मतः कोटा वगैरे मला पटत नाही. आमच्यात एक पोरगं आहे ऊसतोड कामगाराचं, ते पहिल्याच दिवशी आमच्या पुढं होतं हे पण खरंय म्हणा. मग त्याचा कोटा म्हणायचा की लहानपणापासून मोळ्या उचलल्या ते म्हणायचं?

आमच्याकडं स्टॅमिना बनतो, वाढतो, तुटतो. हो, तुटतो. चार दिवस गॅप पडला की म्हणतात स्टॅमिना तुटला. तुमच्या धाग्याशी जमतंय बघा ते.

उंबरठा_७२

@पहाटे_पाच, 'स्टॅमिना तुटला' हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. जबरी. ५:१९ बद्दल अभिनंदन. शाळेच्या पीटीच्या पुस्तकात 'दमदारपणा' शब्द असायचा, ग्राउंडवर कोणी म्हणतं का?

पहाटे_पाच

लेखीच्या पुस्तकात आहे. ग्राउंडवर म्हटला तर पोरं हसतील. दम म्हणतात की, दम टिकव, दम उखडला. पण दम म्हणजे श्वासाचं काम आहे, पाय भरून आले तर त्याला दम नाही म्हणत. स्टॅमिना म्हटलं की सगळं आलं.

चिंचेचा_कोळ

स्टॅमिना म्हटलं की मला हायवेच्या कडेला उभे असलेले ते हिरवे तंबू आणि आतले बाटल्या मांडून बसलेले वैद्यराज आठवतात. तिथला स्टॅमिना वेगळा. हलके घ्या.

खवट_चहा

या शब्दाचं वाटोळं त्यांनीच केलंय. भिंती रंगवून रंगवून. माझ्या सासऱ्यांना डॉक्टर म्हणाले काका तुमचा स्टॅमिना कमी झालाय तर ते सासूबाईंसमोर लाजले.

खर्चीवाला

मी इचलकरंजीचा, चार माग आहेत घरचे, त्यामुळं यात मला बोलायलाच पायजे. धागाकर्त्यानं ताणा म्हणून पुढं गेलाय पण ताण्याला एवढा मान का ते सांगितलं नाही. सांगतो.

कापडात उभे आणि आडवे दोन धागे. आडवा म्हणजे बाणा, तो कांडीवर असतोय, कांडी धोट्यात, धोटा इकडनं तिकडं पळतोय. बाण्याला काय त्रास नाही, आला, बसला, झालं. मार खातोय तो ताणा. तो पहिल्यापासनं ओढून धरलेला, वर खाली वर खाली दिवसभर, त्यातनं प्रत्येक फेऱ्याला फणी घासत येत्या आणि बाण्याला ठोकत्या. म्हणून सूत नुसतं भीमावर, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर, गुंडाळून चालत नाही, आधी सायझिंगला जातंय. तिथं खळीत बुडवून, वाळवून, मग भीम भरतात. खळ कमी बसली की धागा पिंजतोय आणि तुटतोय. बाण्याला खळ लावायचं कामच नाही.

आणि तीनचार हजार उभ्या धाग्यांतला एक तुटला तरी कापडावर वरपासनं खालपर्यंत रेघ पडत्या, म्हणून माग थांबवायचा, तुटका धागा हुडकायचा, वहीतनं (ताणा वर खाली करणारी दोऱ्यांची चौकट) ओवायचा, फणीतनं काढायचा, गाठ मारायची, मग चालू. भीम संपला की वहिफणीवाले येऊन नवीन भीमाचा एकेक धागा ओवणार. डोळे जातात त्यात. माझ्या चुलत्याचे गेले.

तर हे लॅटिनवाले लोक वेडे नव्हते. सोसणारा धागा कुठला ते त्यांना माहीत होतं. ताकद म्हणजे धोट्याची पळापळ नव्हे, ताणून धरल्यावर न तुटणं म्हणजे स्टॅमिना. आणि तुमच्या त्या कोट्याबद्दल सांगायचं तर सूत कसलं आलंय ते एक, आणि खळ किती बसली ते एक. दोन्ही लागतंय. पोलीस भरतीवाल्या भावा, तू आठ महिने सायझिंगला होतास.

पहाटे_पाच

काका 🙏 हे ग्रुपवर टाकतो.

सांजपाखरू

खर्चीवाला काका, असे प्रतिसाद वाचायला म्हणून इथे येते मी. वाचनखूण साठवली.

गोदाकाठ

छान चाललंय. मी संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त. एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून लिहिते, जरा लांबेल.

स्तामेन या शब्दाचे दोन तुकडे पाडा, स्ता आणि मेन. स्ता म्हणजे उभं राहणं, हा आपला स्था धातू. आणि मेन म्हणजे आपला मन् प्रत्यय, कर्मन्, जन्मन्, नामन् मधला. नामन् ला लॅटिनमध्ये नोमेन म्हणतात, तेच नातं. मग स्तामेनला संस्कृतात समोरासमोर काय यायला हवं? स्थामन्. आणि तो शब्द खरोखर आहे! स्थामन् म्हणजे उभं राहण्याची जागा, आणि पुढे बळ. अमरकोशात बलाचे पर्याय देताना शौर्य, शुष्म, शक्ती, पराक्रम यांच्या ओळीतच स्थाम येतो. पालीतही थाम म्हणजे बळच.

आता मला सांगा, हा शब्द कुणाच्या नावात आहे? अश्वत्थामा. अश्व अधिक स्थामन्. पिंपळाशी, म्हणजे अश्वत्थाशी, काही संबंध नाही, तो घोटाळा फार जण करतात. महाभारताच्या आदिपर्वात आहे की हा जन्मला तोच उच्चैःश्रव्यासारखा खिंकाळला, आणि आकाशवाणी झाली की घोड्यासारखं याचं स्थाम दिशादिशांत गेलं म्हणून याचं नाव अश्वत्थामा. तिथे स्थामचा अर्थ आवाज की जोर यावर टीकाकार बोलत बसतात, ते सोडा. पण अश्वत्थाम्याच्या नावातला थामा आणि तुमच्या जिममधला स्टॅमिना हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत.

खवट_चहा

झालं. आलं संस्कृत. ताई राग मानू नका पण आता उद्या व्हॉट्सअपवर फिरणार की स्टॅमिना हा मूळ संस्कृत शब्द असून इंग्रजांनी चोरला, खाली दोन तिरंगे आणि एक शंख.

गोदाकाठ

राग कशाला. बरं केलंत विचारलंत. मी चुलत भाऊ म्हटलं, मुलगा नाही म्हटलं. लॅटिनने संस्कृतकडून घेतलेला नाही आणि संस्कृतने लॅटिनकडूनही नाही. दोघांचे आजोबा एक, ते कुणी लिहून ठेवलेले नाहीत, नातवंडांच्या नाकाडोळ्यांवरून ओळखायचे. एका नातवाने उभं राहण्यावरून मागाचा उभा धागा केला, दुसऱ्याने त्याच उभं राहण्यावरून बळ केलं. पुढे धाग्यावाल्याच्या घरातही फिरून फिरून अर्थ बळावरच आला ही मजा. त्यात चोरी कुणाचीच नाही.

आणि आपल्याकडे हे घराणं किती पसरलंय बघा. ठाव, ठाणं, ठाम, स्थिर, स्थळ. ठाणे गावाचं नाव शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक आहे. इंग्रजी स्टेशनसुद्धा त्याच आजोबांचं नातवंड. तेव्हा 'ठाणे स्टेशन' म्हणजे तुम्ही एकच गोष्ट दोनदा म्हणता.

चिंचेचा_कोळ

आणि ८:१२ च्या फास्टला तिथे उभं राहायला स्टॅमिना लागतो. एका वाक्यात तीन भावंडं.

उंबरठा_७२

ताई, _/\_. हे मला कुठल्याच डिक्शनरीत दिसलं नव्हतं, दिसलं असतं तरी कळलं नसतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणे म्हणजे तो तेल मागत फिरणारा का? लहानपणी संध्याकाळी दाराशी कुणी अनोळखी आला की तिची आजी म्हणायची, वाटीभर तेल दे हो, कोण असेल सांगता येत नाही.

सांजपाखरू

आमच्याकडे पण! नर्मदा परिक्रमा करून आलेल्या काकांना तर तो 'भेटला' होता म्हणे. कपाळाला फडकं बांधलेला उंच माणूस.

अवांतर: सात चिरंजीवांच्या श्लोकात पहिलं नाव त्याचंच आहे पण वाढदिवसाला आशीर्वाद देताना कोणी अश्वत्थाम्यासारखा जग म्हणत नाही.

वऱ्हाडी_ठसका

तीन बायांचा विषय निघाला आणि तिसरीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. ग्रीकांत त्यांची नावं क्लोथो, लॅकेसिस आणि अॅट्रोपोस. पहिली कातते, दुसरी मापते, तिसरी कापते. अॅट्रोपोस म्हणजे जी मागे वळत नाही, वळवता येत नाही ती. लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ साली बेलाडोना नावाच्या विषारी झाडाला तिचं नाव दिलं, अॅट्रोपा बेलाडोना. (हाच लिनियस ज्याने त्याआधी फुलांतले पुंकेसर मोजून अख्ख्या वनस्पतींचे वर्ग पाडले होते. म्हणजे स्टॅमिना मोजणारा माणूस.) त्या झाडातून निघतं ते अॅट्रोपिन.

मी डॉक्टर आहे, विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढली. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाचे पेशंट यायचे. कोणी फवारताना अंगावर घेतलेला, कोणी मुद्दाम प्यालेला, ते विचारायचं नंतर. तोंडाला फेस, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. त्याच्यावर इलाज अॅट्रोपिन. ०.६ मिलिग्रॅमचे छोटे छोटे अँप्यूल, सिस्टर एकामागून एक मान मोडत जायच्या, ट्रेमध्ये काचांचा ढीग पडायचा, आणि मी छातीला स्टेथो लावून बसलेला, घरघर कमी होते का ऐकत. कोरडी झाली छाती की समजायचं जमलं. कधी कधी रात्रभर तेच.

अॅट्रोपिन जास्त चढलं की पेशंट बरळतो. आणि बरळताना काय करतो माहिताये का, हवेतून काहीतरी चिमटीत धरून ओढतो. चादरीवरून, हवेतून, नसलेला धागा काढत राहतो. हे पुस्तकात पण दिलेलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला या तीन बायांची गोष्ट माहीत नव्हती. नंतर कळली तेव्हा अंगावर काटा आला बाप्पा. कापणारीच्या नावाचं इंजेक्शन, आणि दोरा तुटू नये म्हणून आपण तेच देतोय.

खर्चीवाला

डॉक्टर, काय लिहिलंय. दोनदा वाचलं.

खवट_चहा

मी पण. चहा गार झाला.

हडसनकाठी

उशिरा आलो, इथे आमची सकाळ. मुलगा शाळेत लॅटिन घेतो (घेतलंय म्हणजे काय, आम्ही घ्यायला लावलंय), त्याच्यामुळे मला थोडं थोडं कळायला लागलंय. आयुष्याचा दोरा या अर्थाने स्तामेन वापरल्याचं प्रसिद्ध उदाहरण जुवेनालचं आहे, इसवीच्या पहिल्या दुसऱ्या शतकातला रोमन कवी, त्याचं दहावं उपरोधिक काव्य. विषय असा की माणसं देवाकडे काय काय मागतात आणि मिळालं की कशी पस्तावतात. त्यात दीर्घायुष्य मागणाऱ्यांची पाळी येते. तिथे तो नेस्टर राजाचं उदाहरण देतो. ग्रीक कथांमधल्या ट्रॉयच्या युद्धातला सगळ्यात म्हातारा, तीन पिढ्या पाहिलेला. एवढं आयुष्य मिळालेला माणूस सुखी असेल ना? तर नाही. त्याचा तरणाबांड मुलगा अँटिलोकस युद्धात जातो, चितेवर त्याची दाढी पेटताना म्हातारा बघतो, आणि नशिबाच्या कायद्याबद्दल आणि 'फार लांब झालेल्या दोऱ्याबद्दल' तक्रार करतो. लांब दोरा, तिथे शब्द स्तामेन. आसपासच्या प्रत्येकाला विचारत सुटतो की मी असं काय पाप केलं म्हणून अजून जिवंत आहे.

वर अश्वत्थाम्याचा विषय झालाच आहे त्यामुळे जास्त लिहीत नाही. एवढंच की त्याला कृष्णाने दिलेला शापही मरणाचा नव्हता, तीन हजार वर्षं एकटं भटकायचा होता. दोरा लांब करून शिक्षा.

आणि गंमत म्हणजे 'सुदृढ शरीरात सुदृढ मन' हे जे प्रत्येक व्यायामशाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं ते पण याच कवितेच्या शेवटाकडचं. मागायचंच असेल तर एवढंच मागा, या अर्थाने. लोकांनी तेवढंच वाक्य उचललं आणि वरचा म्हातारा तिथेच सोडला.

जाता जाता इथलं एक. २०१६ च्या सप्टेंबरात पहिल्या डिबेटला ट्रम्प साहेब हिलरी क्लिंटनबद्दल म्हणाले की यांच्याकडे स्टॅमिना नाही, आणि तो शब्द घोळवत राहिले. हिलरीबाईंनी आपण ११२ देश फिरल्याचं ऐकवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात यावरच चर्चा. मला तेव्हा नुसती राजकीय टोमणेबाजी वाटली होती, आता हा धागा वाचून वाटतं की ट्रम्प जुन्या अर्थाने बोलत होते, म्हणजे मुळातच नाहीये, जन्मजात, आणि बाईंनी नव्या अर्थाने उत्तर दिलं, बघा मी किती केलंय.

पहाटे_पाच

आमच्या सरांनी पण पहिल्या दिवशी दोघांना सांगितलं होतं, तुमच्यात नाही, घरी जा. एक गेला. एक मी.

सांजपाखरू

खर्चीवाला काकांच्या दोन मागण्या होत्या ना, सूत आणि खळ, ते या डिबेटला चपखल बसतं. बरं मुख्य मुद्दा राहिलाच, तो स्टॅमिना हे तर सगळेच म्हणतो, कोणी ती किंवा ते म्हणत नाही. आकारान्त म्हणून आपोआप पुल्लिंगी झाला असणार, घोडा, दोरा, सोफा तसा. मग सोफ्यावर बसतो, कॅमेऱ्यात बघतो, तर स्टॅमिन्याचा का नाही म्हणत? मी 'स्टॅमिनाचा' म्हणते.

चिंचेचा_कोळ

आमच्या क्रिकेटच्या ग्रुपमध्ये एक जण सर्रास 'स्टॅमिन्यावर काम कर' म्हणतो. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो, आता माफी मागतो.

गोदाकाठ

त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. सामान्यरूप व्हायला लागलं की शब्द घरातला झाला. अजून पाहुणा आहे म्हणून लोक बिचकतात. आणि मराठी पर्यायांचं म्हणाल तर एकच शब्द कशाला हवा? गाणाऱ्याचा दमसास, पैलवानाची रग, म्हातारीचा चिवटपणा, रोपाचा जोम, दुष्काळात शेतकरी धरतो तो तग. आपल्याकडे जिथल्या तिथे वेगळे होते, स्टॅमिना येऊन सगळ्यांच्या जागी बसला. सोय झाली हे खरं, पण 'तग' मला त्या सगळ्यांत प्रिय, कारण तो असतो किंवा नसतो असं आपण म्हणतच नाही, तो धरायचा असतो.

खर्चीवाला

'तग धरला' हे आमच्यात मंदीत वापरतात. माग भंगारात न घालता टिकला त्याला म्हणतात तग धरला.

उंबरठा_७२

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. एक लिहू की नको करत होतो, लिहितोच.

काल रात्री हडसनकाठींचा नेस्टरचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. मला वाटलं गोष्ट म्हणून आवडेल. माझा धाकटा मामा गेल्या श्रावणात गेला, तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, तिने कडेवर खेळवलेला. त्याच्या आधी मधला. भाऊबीजेला ती ताम्हन घासून ठेवते आणि मग परत उचलून ठेवते, आम्ही कोणी काही बोलत नाही. तर वाचून झाल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'बरोबर आहे त्याचं. माझीही दोरी देवानं जरा जास्तच सोडलीन.' लॅटिन नाही, डिक्शनरी नाही, सरळ तेच वाक्य. मला काय बोलावं कळेना.

मग थोड्या वेळाने तिनेच विचारलं, पुढे काय झालं रे त्या म्हाताऱ्याचं? मला माहीत नव्हतं. हडसनकाठी, तुम्हाला माहिताये का?

हडसनकाठी

मुलाला विचारून खात्री केली. नेस्टर युद्धातून धडपणे घरी पोचतो, जे बाकीच्या बऱ्याच जणांना जमलं नाही. ओडिसी या ग्रीक महाकाव्याच्या तिसऱ्या भागात परत भेटतो. पायलोसला समुद्रकिनाऱ्यावर मोठी पूजा आणि जेवणावळ चाललीये, हा मधे बसलाय, बाकीचे मुलगे आहेत, आणि त्याच युद्धातून अजून घरी न पोचलेल्या ओडिसियसचा मुलगा वडिलांना शोधत तिथे येतो. नेस्टरचा धाकटा मुलगा पुढे होऊन त्या पोराला हाताला धरून आणून बसवतो आणि खायला देतो. मग म्हातारा त्याला युद्धाच्या गोष्टी सांगत बसतो. त्यात अँटिलोकसचं नाव घेतो, माझा मुलगा तिथेच राहिला म्हणतो. आणि पुढे बोलत राहतो. फार बोलतो तो.

आईंना नमस्कार सांगा.

उंबरठा_७२

सांगतो. आत्ता झोपलीये, उठली की आधी हेच सांगेन. लेकीचं आज परत प्रॅक्टिकल आहे पण फुलं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून मागून आणलीत, घरची दोन्ही गणपतीला.